आमिष ज्याचं, मासा त्याचा

देवाशपथ सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. फक्त मासे मी थोडे वाढवलेत. आणि दाजी काय बोलले ते जिथं आठवलं नाही, तिथं त्यांना शोभेल असं घातलंय. बाकी सगळं खरं.

वर्कशॉपमधली माणसं चहाला टेकली की कुणीतरी एक किस्सा सोडतो, त्याला दुसरा येऊन चिकटतो, आणि बघता बघता ढीग होतो. माझ्या ढिगाच्या तळाशी एकच माणूस आहे, आमचे दाजी. ऐकणारे हसतात. मी मात्र सांगता सांगता पुन्हा तापतो!

बहात्तरच्या दुष्काळात कुंडलकडचे आमचे नदीचे डोह आटले. कारखान्याला ऊस नाही, वर्कशॉपला काम नाही आणि आम्हाला गळ टाकायला पाणी नाही. आम्ही म्हणजे तिघं. मी फिटर. दाजी टर्नर, माझ्या थोरल्या अक्काचे यजमान. आणि गेटवरचे वॉचमन आबा, फौजेतून हवालदार होऊन परतलेले. आबांच्या भावकीतल्या एकाचा ट्रक मीठ आणायला घाट उतरून कोकणात जायचा. आबा म्हणाले, "नदी आटली तर आटू द्या. दर्या हाय की."

त्यात अक्काला दिवस गेलेले. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, पहिल्यांदाच. आणि जिनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता, तिला डोहाळे लागले समुद्राच्या माशाचे! डोहाळे पुरवायचे माहेरानं. वडील नव्हते, म्हणजे ते काम माझं. अक्का म्हणाली, "सदा, एक मासा आण. पर तुझ्या हातचा."

एवढंच करायचं होतं मला. एक मासा!

* * *

पहिल्या खेपेला आम्ही गांडुळं घेऊन गेलो. दुष्काळात ओली जमीन फक्त न्हाणीच्या मागची. तिथं खणून मी डबाभर काढली. दाजींनीच सांगितलं होतं, मासा म्हणजे मासा, इथला काय आणि तिथला काय.

खाडीच्या तोंडाशी खडकावर बसून गळ टाकला. खाऱ्या पाण्यात गांडूळ पांढरं पडलं आणि भिजल्या सुतळीसारखं लोंबायला लागलं. बरोबर नेलेला कणकेचा गोळा तर विरघळूनच गेला. मासे जवळ यायचे, बघायचे आणि निघून जायचे.

दाजींनी डब्यात डोकावून विचारलं, "पाव्हणं, ह्यास्नी पोहायला येत न्हाई व्हय?"

तिथली माणसं काय करतात हे आबांनी बसून नीट पाहिलं. ती पाग टाकत होती. पाग म्हणजे कडेला शिशाच्या गोळ्या लावलेलं गोल फेकजाळं. त्यात जी जिवंत कोळंबी येईल ती लगेच गळाला. आबांनी बाजारातून एक पाग घेतला आणि ट्रकात उभं राहून हुकूम काढला, "सुनो. ज्यानं त्यानं आपलं आमिष आपुन धरायचं. आमिष ज्याचं, मासा त्याचा. ये कानून हाय."

हा कायदा माझ्याच भल्यासाठी आहे असं वाटून मी खूश झालो. काय अक्कल माझी!

* * *

पाग मी परड्यात कोंबड्यांवर टाकून शिकलो. पुढच्या खेपेला खाडीत कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिलो, पाय शिंपल्यांनी कापून घेतले आणि घासलेटच्या डब्यात उड्या मारणारी कोळंबी घेऊन खडकावर आलो. दाजी तोवर टॉवेल डोक्यावर घेऊन बसले होते.

जिवंत आहे का बघू म्हणून त्यांनी डब्यात हात घातला, आणि त्यातली सगळ्यात टपोरी आपल्या गळाला लावली!

मी म्हणालो, "दाजी, आवं ती माझी हाय."

"तुमची कशी? दर्याची हाय. तुमी निस्ती उचलली. मीबी उचलली."

"कायदा ठरलाय की आपला."

तर दाजींनी गळ फेकता फेकता मान वळवली. "बहीण दिलीसा, आन कोळंबीला रडताय?"

दुसरा कुणी असता तर पाण्यात ढकलला असता. दाजींना ढकललं तर घरी बहीण आहे. मी आबांकडं दाद मागितली. आबांनी विचार करून निकाल दिला, जावयाला गेलेली वस्तू दिली असंच धरायचं, आणि दिलेली वस्तू घेणाऱ्याची. म्हणजे आमिष दाजींचं, मासा दाजींचा.

त्या कोळंबीला लागलेला मासा मिठात घालून घरी आला. अक्कानं विचारलं, कुणी धरला? दाजी म्हणाले, "मी. सदा कडंला हुबा व्हता." बरं, हे खोटंही नव्हतं! अक्कानं दोन घास खाल्ले आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "तुझ्या हातचा ऱ्हायलाच की रं."

* * *

कोळंबी दिसते म्हणून जाते, असा मी हिशेब केला. मग ओहोटीला खाडीच्या चिखलात लांब लालसर किडे मिळतात ते खणायला गेलो. ते दाजींना किळसवाणे वाटतील अशी आशा होती. मूठभर मिळाले, आणि तेवढ्यात मी मांडीपर्यंत रुतलो. एक पाय काढावा तर दुसरा खाली. भरती चढायला लागलेली. मी दाजींना हाका मारल्या.

दाजी आले. काठावरून हात पुढं केला. म्हणाले, "पयलं किडं द्या, हात मोकळा करा."

मी दिले. ते घेऊन दाजी गेले!

मला आबांनी दोर टाकून ओढून काढलं. चप्पल चिखलातच राहिली, अजून असेल. वर आलो तेव्हा दाजींच्या गळाला मासा फडफडत होता.

* * *

त्याच्या पुढची खेप आठवली की अजून डोकं फिरतं. यावेळी मी छोट्या कुर्ल्या, म्हणजे खाडीतले खेकडे, धरल्या, चांगल्या डबाभर. डब्याला झाकण लावलं, झाकणाला तार बांधली, वर दगड ठेवला आणि गळाची दोरी सोडवायला ट्रककडं गेलो. परत आलो तर दगडांची चूल, तीन काटक्यांचा जाळ आणि दाजी भाकरीबरोबर काहीतरी चघळताहेत.

माझं आमिष होतं ते! चटणी लावून भाजलेलं!

माझा आवाज चिरकला. "आमिषच खाल्लंसा तर मासा कशानं धरायचा?"

दाजींनी नांगी फोडली, आतलं चोखलं. "आज मीच गळाला लागलो म्हणा."

शेजारी आबाही खात होते. त्यामुळं त्या दिवशी कोर्ट बंद होतं.

घरी येऊन मी आईपाशी तक्रार केली. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एक जास्तीचा डबा माझ्यापुढं ठेवला. म्हणाली, "जावई मानूस. त्यांच्यासाठी येगळं धरत जा."

* * *

मग आली शेवटची खेप. अक्काला सातवा लागलेला, पावसाळा तोंडावर. पाऊस लागला की दर्या बंद, आणि दर्या उघडेपर्यंत डोहाळे संपून पाळणा हलणार. आता नाही तर नाही.

मी खडकावर कोळंबीचा डबा ठेवला, एक लावून गळ पाण्यात सोडला, पाग दाजींच्या अंगावर टाकला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आवाज चढवला. "दाजी, आज माझ्या डब्याला हात लावायचा न्हाई. आपलं आमिष आपुन धरा. न्हाईतर मी अक्काला समदं सांगतो."

दाजींना ते लागलं. उठले, धोतर खोचलं. "त्यात काय आवघड हाय?"

पाग फेकताना त्याची एक कड दातात धरायची असते, आणि जाळं हातातून सुटलं की तोंड उघडायचं असतं. हे दाजींना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. पण मला कुणी विचारलं नाही.

दाजींनी कड दातात धरली. पुढच्या दातात, जिथं त्यांचा तो मिरवायचा सोन्याचा दात होता. कंबरेतून गिरकी घेतली आणि सगळ्या ताकदीनं पाग फेकला. तोंड मिटलेलंच!

पाग गेला, दात गेला, पाठोपाठ दाजी गेले. जाता जाता त्यांच्या पायानं माझा डबाही कोळंबीसकट पाण्यात गेला.

आबांनी दाजींना धोतराला धरून काढलं. माझा गळ पाण्यात होता, पण रिकामा, त्यावरची कोळंबी मघाच कुरतडली गेलेली. तो ओढून घ्यावा म्हणून वाकलो, तर खाली निवळ पाण्यात दाजींचा दात चमकत, गिरक्या घेत चाललेला. तेवढ्यात कपारीतून एक लालभडक मासा, तांबोशी, सुटली. तिनं दात गिळला आणि त्याच घासात माझा गळही!

कोकराएवढी तांबोशी मी एकट्यानं वर ओढली. माझा गळ, माझी दोरी, माझे हात. मी नाचलोच!

आबा माशाजवळ बसले. "सदा, गळाला काय व्हतं?"

"काय न्हवतं."

"मग मासा कशाला आला?"

दाजींनी रक्ताळलेल्या तोंडाकडं बोट दाखवलं, मग माशाकडं, मग स्वतःच्या छातीकडं. आबांनी मान डोलावली. आमिष दाजींचं. मासा दाजींचा.

अख्खा घाट मी ट्रकात पाठ फिरवून बसलो. दाजींना बोलताच येत नव्हतं, ओठ वडा झालेला.

अक्का विळीवर बसली. आबा साक्षीदार म्हणून दारात उभे राहिले आणि त्यांनी तिला सगळा मुकदमा कायद्यासकट सांगितला. अक्कानं माशाचं पोट चिरलं, आत बोटं घातली, दात काढला, तांब्यातल्या पाण्यानं धुतला आणि दाजींच्या तळहातावर ठेवला.

"आवं, हे घ्या तुमचं आमिष, जसंच्या तसं. आता मासा माझ्या भावाचा."

आबांनी दारातच टाच आपटली आणि सलाम ठोकला.

सुरुवातीला शपथ घेतलीय म्हणून कबूल करतो. यातलं आणखी एवढं एक मी रचलंय: दात सोन्याचा नव्हता.