दोन चमचे, तितकंच पाणी

जगातल्या कोणत्याही वस्तूची लायकी अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये कळते, आणि जिची तिथे कळत नाही तिला ती नसतेच, असं माझ्या मावससासऱ्यांचं मत होतं. मत कसलं, धर्मच होता. ज्वारीचं पीठ, गुळाची ढेप, पाहुण्याचं धोतर, नव्या सुनेच्या पदराचा काठ, पोस्टाचं पाकीट, सगळं त्यांच्या चिमटीतून गेल्याशिवाय घरात येत नसे. माझ्या लग्नात अक्षता पडल्यावर माझ्याजवळ सगळ्यांत आधी आले ते हेच. तोंडाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. कोटाची बाही चिमटीत धरली, दोनदा चोळली आणि "मिक्सिंग हाये," एवढं बोलून ते पंगतीकडे निघून गेले. माझ्या वडिलांचा समज झाला की हा शेरा मुलाबद्दल आहे. त्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत जेवले नाहीत.

माझी बायको त्यांना मावसाजी म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. घाटंजीच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ते चाळीस वर्षं कापसाचे पारखी होते. हंगामात पहाटेपासून कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागे. मावसाजी बंडीवर चढत, कोपरापर्यंत हात कापसात खुपसत, कारण चांगला माल वर असतो हे त्यांना कळायला चाळीस वर्षं लागली नव्हती, आणि तळातला एक पुंजका काढून दोन्ही अंगठ्यांत धरून फाडत. मग त्यातले धागे स्वतःच्या बाहीवर पसरून लांबी बघत. पांढरा धागा काळ्यावर दिसतो, म्हणून ते बारा महिने अल्पाकाचा काळा कोट घालत. मे महिन्यात घाटंजीला कावळेसुद्धा सावली सोडत नाहीत, तेव्हाही हा कोट भर दुपारी बाजारातून जाताना दिसे. एकदा मी त्यांना विचारलं, की आता कापसाचे दिवस नाहीत, मग कोट कशाला? ते म्हणाले, डॉक्टर काय रोगी नसला की नळी घरी ठेवून जाते?

प्रत सांगायला त्यांच्याकडे वरून खाली तीनच इंग्रजी शब्द होते: 'फाइन', 'फुली गुड' आणि 'गुड'. कापसाच्या या तीन प्रती त्यांनी सगळ्या सृष्टीला लावल्या होत्या. आमचे हेडमास्तर 'फुली गुड, पण पत्ती हाये', म्हणजे कापसात वाळल्या पानाचा चुरा असतो तसे. मला त्यांनी बरीच वर्षं कोणतीच प्रत दिली नाही. एका पुढाऱ्याचं दोन तासांचं भाषण ऐकून गाव हारतुरे घेऊन धावलं, तेव्हा मावसाजी खुर्चीवरून उठता उठता म्हणाले, धागा लांब हाये, पण ओढला की तुटते.

प्रतीवरून तंटा झालाच तर जिनातली रीत अशी होती, की पारख्यानं हात धुवायचे, कोरडे करायचे आणि कापसाच्या ढिगावर उजवा हात ठेवून निकाल सांगायचा. ढिगावर हात ठेवून बोललेला शब्द मग मालकालाही फिरवता येत नसे. एकदा जिनाचे मालक शेटजी यांच्या व्याह्यांच्याच बंड्या आल्या, वजन भरावं म्हणून कापसावर पाणी मारलेल्या. मावसाजी म्हणाले, हा 'गुड' बी नाही. शेटजींनी त्यांना बाजूला घेऊन नातं समजावलं. मावसाजींनी नातं शांतपणे ऐकून घेतलं, हात धुतले, ढिगावर हात ठेवला आणि तेच वाक्य आणखी मोठ्यानं म्हटलं. शेटजी त्या हंगामात त्यांच्याशी बोलले नाहीत. पण त्यांना काढलंही नाही, कारण मुंबईचे खरेदीदार या जिनाच्या गाठी न उघडता उचलत. हा माणूस खोटं बोलत नसे. तत्त्व वगैरे काही नव्हतं, त्यांना ते जमतच नसे. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर यांना बसवू नये, असं आमच्याकडे ठरूनच गेलं होतं.

आता दारूकडे येतो. जुन्या काळी एका परदेशी कंपनीचा खरेदीचा साहेब हंगामात येऊन डाकबंगल्यात उतरे. सौदा झाला की तो मावसाजींना बोलावी आणि पेला पुढे करी. मावसाजी काळ्या कोटानिशी खुर्चीच्या कडेवर बसत आणि पुढे आलेली व्हिस्की, शेरी, पोर्ट, जे असेल ते घोटाघोटानं संपवत. त्यातलं त्यांना कधीही काहीही आवडलं नाही. पण प्रत वरची होती, आणि वरच्या प्रतीचा माल परत करणं त्यांच्या हाताला ठाऊक नव्हतं. साहेब गेला, त्याच्या खुर्चीत आपल्यातलेच एक बडे गृहस्थ आले, बाटल्या त्याच राहिल्या. "साहेब नुसता पाजे," मावसाजी सांगत, "हे लेबल वाचून दाखवत."

अशा संध्याकाळी मावशी त्यांचं ताट ओसरीवर मांडून आत निघून जात. भांडण नाही, बोलणं नाही, फक्त पाठ. मावशींच्या माहेरी मोहाच्या दारूनं ओलिताचं वावर नेलं, बैलजोडी नेली आणि शेवटी बाप नेला. आईच्या मरणाच्या वेळी मावशींनी शपथ घेतली होती, की दारूचा थेंब तोंडाला लावणार नाही आणि प्यालेल्या माणसाच्या पंगतीला बसणार नाही. नवऱ्याला त्यांनी कधी अडवलं नाही. पण चाळीस हंगाम त्या दिवशी ताटं दोन ठिकाणी मांडली गेली.

मावसाजी निवृत्त झाले तेव्हा आमचा जिल्हा एका राज्यातून उचलून दुसऱ्यात ठेवलेला होता आणि दारूबंदीचा बंदोबस्त कडक झाला होता. सरकारी परवान्यासाठी काही प्रतिष्ठित मंडळींना एकदम दुखणी जडली. मावसाजींना काहीच चुकल्यासारखं वाटलं नाही. त्यांचं खरं दुखणं निराळंच होतं. मावशींना मुदतीचा ताप आला, एकवीस दिवसांनी उतरला आणि जाताना भूक घेऊन गेला. चतकोर भाकरीवर त्यांचा दिवस जाऊ लागला. मावसाजी रोज त्यांचं मनगट चिमटीत धरून बघत आणि सोडून देत.

गावातल्या वैद्यांच्या दवाखान्यात सन्मानपत्रांमुळे भिंत दिसत नसे. पण द्राक्षासव मात्र ते खरोखर स्वतः घालत. मनुका, गूळ, आणि कोलामांच्या पोडावरून, म्हणजे आदिवासी वस्तीवरून, बायका आणून देत ती धायटीची लाल फुलं, असं सगळं चिनी मातीच्या बरणीत भरून, तोंड बांधून महिनाभर कोठीत ठेवत. त्यांनी मावशींना बाटली दिली आणि सांगितलं, जेवणानंतर दोन चमचे, तितकंच पाणी. बाटली अर्थातच आधी मावसाजींच्या ताब्यात गेली. त्यांनी थेंब अंगठ्यावर घेतला, चोळला, हुंगला, जिभेला लावला आणि बूच घट्ट बसवलं. मग म्हणाले, "फुली गुड."

मावशींना एकटीनं घ्यायची लाज वाटली. म्हातारपणी आपण वाटी तोंडाला लावायची आणि घरच्या माणसानं बघत बसायचं, हे कसं दिसतं? मग मावसाजीही सोबत घेऊ लागले. दिवेलागणीच्या आत जेवणं उरकत, आणि दोघं ओट्यावर दोन लहान वाट्या घेऊन बसत. दोन चमच्यांना अर्धा तास लागे. प्रत्येक बरणीची चव वेगळी, त्यामुळे मावसाजींना पुन्हा हंगाम सुरू झाल्यासारखं झालं. ही बरणी कोवळ्या फुलांची, हिच्यात गूळ जुना, ही आठ दिवस आधी उघडली. चाळीस वर्षं ज्यांनी कापसाबद्दल एक शब्द ऐकला नव्हता त्या मावशी आता पत्ती म्हणजे काय आणि किडक्या बोंडाच्या पिवळट कापसाला कवडी का म्हणतात, ते विचारू लागल्या. पुढे पुढे त्या स्वतःच निकाल देऊ लागल्या. एका बाटलीला त्यांनी 'पायरीवर बसलेल्या पावण्यासारखी' असं म्हटलं. आत येत नाही अन् जात बी नाही. मावसाजींनी तो शेरा मला दोनदा ऐकवला, आणि म्हणाले, "जवाईबापू, साहेबाच्या बाटलीले नाव होतं. याले चव हाये. मले साठी उलटल्यावर समजलं."

मावशी महिन्याभरात अर्ध्या भाकरीवर आल्या, मग पाऊण. आणि इथे मी तोंड उघडलं.

मी हायस्कुलात शास्त्र शिकवतो. एका संध्याकाळी मी आणि माझी बायको त्यांच्याकडे गेलो होतो, मावशींनी मलाही वाटी दिली, आणि मला विद्वत्ता आठवली. साखर आंबते म्हणजे काय होतं, हे मी फळ्यावर सांगावं तसं सांगितलं. मग समारोप केला, की शास्त्राच्या दृष्टीनं ही द्राक्षाची वाइनच. फरक इतकाच, की हिला परवाना लागत नाही. मला वाटलं, मी विनोद केला.

मावशींनी वाटी खाली ठेवली. "म्हणजे दारू?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, तशी नाही, अगदी थोडी, नाममात्र. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या मावसाजींकडे बघत होत्या. आणि मावसाजी, ज्यांनी नुसतं 'नाही' म्हटलं असतं तर भागलं असतं, ते आपल्या अंगठ्याकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवसापासून मावशींनी आसव सोडलं. भाकरी पाऊणवरून अर्धी, अर्धीवरून पुन्हा चतकोर. माझी बायको माझ्याशी फक्त किराण्यापुरतं बोलू लागली. वैद्य स्वतः येऊन दोन संस्कृत श्लोक म्हणून गेले. मावशी त्यांना नम्रपणे म्हणाल्या, की श्लोक म्हटल्यानं दारूचं तीर्थ होत असतं तर माहा बाप भटजीच झाला असता. जाताना वैद्यांनी फाटकापाशी मला हळूच सांगितलं, की हिवाळा यायच्या आत पोटात अन्न गेलं नाही तर हे शरीर निभावायचं नाही. मी घरी येऊन शास्त्राचं पुस्तक कपाटाच्या मागच्या रांगेत टाकलं. त्याचा काही दोष नव्हता.

आठ-दहा दिवसांनी मावसाजींनी निरोप धाडला, की ऊन उतरल्यावर या. मी गेलो तर ते ओट्यावर उभे. काळा कोट, वर टोपी. मावशी भिंतीला टेकून बसलेल्या. मला एका बाजूला बसवून ते म्हणाले, तंटा हाये, साक्षीले माणूस पाहिजे. मग त्यांनी घंगाळातल्या पाण्यानं हात धुतले आणि स्वच्छ फडक्यानं एक एक बोट कोरडं केलं. जिनाच्या आवारातलं हे दृश्य मावशींनी कधी पाहिलं नव्हतं, त्या टक लावून बघत होत्या. मावसाजींनी आसव तळहातावर घेतलं, चिमटीत चोळलं, हुंगलं, चाखलं. डोळे मिटून उभे राहिले. मग बाटली खाली ठेवून तिच्या बुचावर उजवा हात ठेवला.

"याच्यात दारू नाही," ते म्हणाले.

तो हात मी शेकडो बंड्यांत शिरताना पाहिला होता. बुचावर तो त्यांनी तसाच दाबून धरला.

मावशी भिंतीपासून सरळ झाल्या. मग विचारलं, "हात ठिऊन सांगून राह्यले?"

"हात ठिऊन."

त्यांनी वाटी पुढे केली.

मावसाजी मला कोपऱ्यापर्यंत पोचवायला आले. कोट घामानं भिजला होता. कोपऱ्यावर येऊन ते थांबले. मग म्हणाले, "चाळीस वर्षांत एकच गाठ चुकीची मार्क झाली, जवाईबापू. तिले समजलं तर माह्या हातावर तिचा भरवसा राहणार नाही. तुमी शिकेल माणूस हा. बोलू नोका." मी बोलणार नाही म्हणालो. त्यांनी माझ्या सदऱ्याची बाही चिमटीत धरली, चोळली आणि सोडून दिली.

संक्रांतीपर्यंत मावशी दीड भाकरीवर आल्या. एकदा मी वानोळा म्हणून बोरं घेऊन गेलो, तेव्हा मावसाजी वैद्यांकडे नवी बरणी तपासायला गेले होते. मावशी बोरं निवडत बसल्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "जवाईबापू, त्या दिवशी तुमी बरोबर होते. माह्या बापाच्या अंगचा वास मी पाच वर्षांची होतो तवापासून वळखतो. पयल्याच चमच्याले समजलं होतं मले. औषध म्हणून मनाले फसवलं. तुमी नाव घेतलं, मंग कसं फसवू?"

मी विचारलं, मग आता?

"ज्या माणसानं शेटजीसाठी खोटं नाही बोललं, त्यानं माह्यासाठी बोललं." त्यांनी एक किडकं बोर बाजूला टाकलं. "माय वर भेटल तवा तिचं मी पाहून घेईन. त्यायले सांगू नोका. मले समजलं म्हणून कळलं तर ते पुन्हा ओसरीवर जेवायले बसतील."

मावसाजी आले ते बाटली छातीशी धरूनच. त्या दिवशी तीन वाट्या मांडल्या गेल्या. दोघं शेजारी बसलेली, दोघांनीही एकमेकांना अगदी जपून फसवलेलं, आणि मधे मी, सगळं ठाऊक असलेला. मला माहीत असलेली गोष्ट मी कोणाला सांगितली नाही, अशी ती पहिलीच वेळ. पुढे आणखी चार हिवाळे मी त्या ओट्यावर बसलो आणि ती सवय मला हळूहळू आवडू लागली. त्या दिवसाचं आसव जरा आंबट होतं. बाजाराच्या बंड्या परत चालल्या होत्या. मावशींनी न विचारता माझ्या वाटीत आणखी अर्धा चमचा घातला, मावसाजींनी त्यात तितकंच पाणी ओतलं, आणि आम्हा तिघांनाही कुठे जायचं नव्हतं.