हे बांडगूळ नव्हे

वाऱ्यानं कुठं झाड पडलं की लोक सरपणासाठी कुऱ्हाड घेऊन येत आणि कौसल्याबाई चिंध्या घेऊन. रामाकोन्याजवळच्या एका गावच्या त्या माजी सरपंच. पडलेल्या फांदीवरचं ऑर्किड मुळांसकट सोडवून त्या ते शेजारच्या उभ्या मोहाच्या झाडाला जुन्या लुगड्याच्या चिंधीनं बांधत. "लाकूड तुमचं, फूल माहं," एवढाच त्यांचा करार. "घरचे म्हणतात, बुढी लुगडं फाटायची वाट पाहून राहिली," हेही त्याच सांगत.

लोक ऑर्किडला बांडगूळ समजून तोडत. बाई दर ग्रामसभेत उठत. "बांडगूळ झाडाले खाते. हे नुसतं बसते. पाहुणा अन् चोर एकच असते का बे?" लोक हसत, पण हळूहळू तोडणं थांबलं.

मी पांढुर्ण्याहून एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. बाईंच्या मोहाचे फोटो काढून आणले होते. त्यात बातमी नाही म्हणून ठेवून दिले. पुढं 'झाडांवरचं बांडगूळ वेळीच काढा' अशी बातमी लिहिली. मजकूर बरोबर होता. घाईत सोबत फोटो गेला तो बाईंच्या ऑर्किडचा.

आठवड्यानं त्या कार्यालयात आल्या. पिशवीत तोडलेली ऑर्किडं होती, वर कात्रण. आवाज चढला नाही.

"दहा वर्षं बोलली मी, भाऊ. आता लोकं मलेच म्हणून राहिले, पेपरवाल्यापेक्षा तुले जास्त समजते का?"

"दुरुस्ती छापतो, बाई."

"मोठी नोको. तीन ओळी छाप. हे बांडगूळ नोहे, एवढंच."

तीन ओळी मी 'वाचकांच्या माहितीसाठी' म्हणून पाठवल्या. चूक माझी, असं त्यात नव्हतं. जाहिरात आली आणि त्या ओळी गळल्या. आग्रह धरायचा तर संपादकांना कारण सांगावं लागलं असतं. मी धरला नाही.

सौंसरच्या बाजारात भेटल्या की त्या विचारत, "आलं का रे?"

"येईल."

नंतर त्यांनी विचारणं सोडलं. भेटल्या की पोरांची खुशाली विचारत.

गेल्या पावसाळ्यात त्या वारल्या. निधनाची बातमी मीच लिहिली. मोहावरचं ते फूल बांडगूळ नव्हे, ते झाडाचा रस शोषत नाही, कृपया तोडू नये, या तीन ओळी त्याच बातमीत घातल्या. पूर्ण छापून आल्या.

त्याला बांडगूळ म्हणून कोणी छापलं होतं, ते याही वेळी लिहिलं नाही.