रुद्रप्पाकाकांनी उघडलेले डोळे

रुद्रप्पाकाकांवर मी रोज चिडते. ते एक दिवस आले नाहीत तर जीव खालीवर होतो, तोही माझाच.

काळजी हा त्यांचा जोडधंदा आहे. पंच्याहत्तरी उलटली, गुडघे कुरकुरतात, पण काळजी करायला दम कमी पडत नाही. घरातून निघताना कुलूप ओढून बघतात, कोपऱ्यापर्यंत येतात आणि परत जाऊन पुन्हा ओढून बघतात. कुर्डुवाडीला लेकीकडे जायचं तर गाडीच्या कितीतरी आधी स्टेशनात जाऊन बसतात. गाडी आली की ती भलतीकडेच तर जाणार नाही ना, म्हणून दिसेल त्याला विचारतात. आमच्या वाचनालयात चहा आला की पहिला प्रश्न, "फोटोवर सांडंल न्हाय न्हवं?" कप त्यांच्याच हातात असतो.

मी या वाचनालयाची ग्रंथपाल, श्रीदेवी. पेठेतलं जुनं वाचनालय, चुन्याच्या भिंती, वर्तमानपत्र वाचायला येणारी तीच ती म्हातारी मंडळी. मागच्या वर्षी आमच्या समितीनं ठरवलं की घराघरांतली जुनी पत्रं, फोटो, डायऱ्या गोळा करायच्या, संगणकावर त्यांच्या नकला उतरवून ठेवायच्या आणि मूळ वस्तू ज्याच्या त्याला परत द्यायच्या. गिरण्या गेल्या, भोंगे गेले, भोंग्यावर घड्याळ लावणारी माणसंही एकेक करून चालली. निदान त्यांचे कागद तरी राहावेत. लोकांनी आणलंही भरभरून. गिरणीतल्या एका जॉबरची, म्हणजे मुकादमाची, डायरी आली. तिच्यात रोज दोनच गोष्टी: पाऊस पडला का आणि साहेब ओरडला का. कन्नडमध्ये सुरू होऊन मराठीत संपणारी पत्रं आली. फोटो तर पिशव्याच्या पिशव्या. एका बाईंनी सासऱ्यांचा फोटो मेथीच्या जुडीखालून काढून दिला. मी ओरडले, त्या हसल्या.

तेव्हापासून काका रोज यायला लागले. नवी पेठेतल्या एका फोटो स्टुडिओत त्यांनी सगळी नोकरी काढली. आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात. काकांचं काम टचिंगचं. चेहऱ्यावरचे देवीचे व्रण घालवायचे, पडलेला दात बसवायचा, नवरदेवाचं टक्कल झाकायचं. अक्कलकोटकडच्या खेड्यातून ते शहरात आले ते चादरीच्या कारखान्यात, नक्षीच्या चौकटीच्या कागदावर ठिपके भरायला. हात इतका बारीक की स्टुडिओच्या मालकानं त्यांना तिथून उचललं. आता डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून गडद काचांचा चष्मा असतो, घरातसुद्धा. दुसऱ्यांचे फोटो भिंगाखाली धरून बघत बसतात, पण त्यांचा फोटो काढायला मोबाइल उचलला की तोंड फिरवतात.

दिवाळीनंतर प्रदर्शन ठरलं आणि पुढच्या गल्लीतली बसव्वा तिच्या आईची फ्रेम घेऊन आली. बसव्वा शेंगाचटणी आणि कडक भाकरी विकते. साठीची आहे, आवाज असा की गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गिऱ्हाईक जागं होतं. त्या दिवशी मात्र हळू बोलत होती.

"परत देनार न्हवं, बाई? अव्वा पयल्यांदाच घराबाहेर पडलीय."

"चार दिवसांत देते. प्रदर्शनाला पुन्हा द्या."

"मी एवढीशी होते, ती गेली तवा. तोंड बी आटवत न्हाय. हा फोटो हाय म्हनून अव्वा हाय." तिनं काचेवरून बोट फिरवलं. "शाळंला निगाले की दारापत्तुर बगायची. चोरून गूळ खाल्ला की बगायची. लगीन ठरलं तवा बी हिलाच विचारलं मी. कुटं बी बसा, बगती."

निघाली, आणि दारातून परत येऊन एकदा फ्रेमला नमस्कार करून गेली.

त्या आठवड्यात मी जुने चेहरे संगणकावर घेत होते. बसव्वाची आई झाली, मग मडिवाळप्पांचे वडील. हे मडिवाळप्पा नवी पेठेतले कापडवाले, वडिलांच्या भरघोस मिशांचा त्यांना फार अभिमान. मिशा होत्याच. पण वरचे डोळे बसव्वाच्या आईचे होते. मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. डावा डोळा जरा बारीक, नजर किंचित खाली, पुढ्यात कुणी जेवत बसलंय आणि त्याच्याकडे बघावं तशी. पिशव्यांतून आणखी फोटो बाहेर काढले. एक आजी, एक तरुण पोरगा, एक पागोटेवाले. सगळ्यांना तेच डोळे.

"काका, हे सगळे एकाच घरातले का हो?" मी पडदा त्यांच्याकडे फिरवला.

काकांनी कप खाली ठेवला. गॅस चालू राहिला म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्या दिवशी नाहीत. मग मला राहवेना. मीच त्यांच्या खोलीवर गेले.

खाटेवर बसले होते, चष्मा लावून. पाणी विचारलं नाही, एकदम बोलायलाच लागले.

"आपल्यात मानूस गेलं की बसवत्यात, तुला सांगाय नगं."

नकोच. आमच्या समाजात मेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. बसवतात, विभूती लावतात, फुलं घालतात आणि बसवूनच माती देतात. पूर्वी त्याआधी फोटोवाल्याला बोलावणं जायचं. कितीतरी लोकांचा तो आयुष्यातला पहिला आणि शेवटचा फोटो.

"मग घरची मंडळी स्टुडिओत यायची," काका म्हणाले. "म्हनायची, तेवढे डोळे उगडून द्या. नुसता चेहरा घ्या, जिता वाटला पायजे. मालक माज्याकडं सरकवायचा. मी मोठ्या प्रिंटवर ब्रशनं डोळे काडायचो, त्याचा परत फोटो काडून द्यायचा. लोकं खूश. ज्यांना ठाऊक हुतं ती म्हातारी मानसं गेली. पोरांना वाटतंय, अव्वा-अप्पा स्टुडिओत जाऊन बसलेले."

"पण सगळ्यांना एकच डोळे?"

"ज्याचे डोळे मी बगितलेच न्हाईत, ते काडू कसे? मला एकच पाट हुते."

"कुणाचे?"

काकांनी खाटेवरची चादर ओढून सरळ केली, ती सरळच होती.

"ते फोटो लावू नगं, श्रीदेवी. येकेका घरात येकेक हुता, झाकून ऱ्हायलं. तू समदे येका जागी आनलंस. आता दिसनार. त्या बसव्वाला काय सांगू मी? तिला तेवढीच आई हाय."

मला आधी रागच आला. एवढे दिवस माझ्यासमोर बसून चहा प्यायले आणि आता सांगतात. निमंत्रणं गेलेली, घरोघरी सांगून झालेलं, माझ्या आजीला इथं लावा आणि माझ्या आजोबांना तिथं, अशी भांडणंही होऊन गेलेली. कुणाचा फोटो बाजूला काढून ठेवला तर पेठ मला उभी राहू देणार नाही. आणि रागाच्या खाली भीतीही होती. बसव्वाचं ते काचेवरून फिरणारं बोट डोळ्यांसमोरून हलेना.

शेवटी तोड काढली. ते फोटो लावायचे, पण एकमेकांपासून लांब, वेगवेगळ्या भिंतींवर, मध्ये डायऱ्या आणि पत्रं. काकांनी माझ्याकडून कागदावर भिंतींचा नकाशा काढून घेतला आणि प्रदर्शनापर्यंत तो इतक्यांदा तपासला की घड्यांवर फाटला.

प्रदर्शनाच्या सकाळी मी हार आणि पेढे आणायला बाहेर गेले होते. परत आले तर फोटो लावायला बोलावलेला मांडववाला घाम पुसत होता. "म्याडम, चुन्याच्या भिंतीत खिळेच थांबंनात. समदे फोटो त्या मोठ्या फळीवर घेतले. वळीत लावलेत बगा, कसं सुबक दिसतंय." सुबक दिसतच होतं. फळीच्या मधोमध एका रांगेत बसव्वाची आई, मडिवाळप्पांचे वडील, आजी, तरुण पोरगा, पागोटेवाले. सगळे एकाच नजरेनं माझ्याकडे बघत होते. एखादा तरी फोटो हलवावा म्हणून मी हात घातला, तर मागून काकांचा आवाज आला, "आता काय करनार?"

इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते, आणि तो पाठीला चिकटला होता.

"घरी जा काका. मी बघते."

"घरी जाऊन काय करू? हितं काय हुतंय त्येचाच घोर लागंल की."

लोक यायला लागले होते. फोटोला हात लावायची सोय राहिली नाही. काका दाराजवळच्या खुर्चीत बसले, प्रत्येक येणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. सुरुवातीला काहीच झालं नाही. प्रत्येक जण आपल्याच घरचा फोटो शोधायचा, त्याच्यासमोर उभं राहून मोबाइलवर फोटो काढायचा आणि पेढ्याकडे वळायचा. माणसं दुसऱ्यांच्या मेलेल्यांकडे बघत नाहीत, या विचारानं मला जरा धीर आला.

तेवढ्यात बसव्वा आली, ठेवणीतलं इरकल नेसून. तिच्या शेजारी मडिवाळप्पा उभे होते. ते एकदा इकडे, एकदा तिकडे बघून मोठ्यानं हसले.

"अवो, आमच्या अप्पाचे डोळे आनि तुमच्या अव्वाचे सारकेच की! पावनं लागतोय म्हना आपन. तुमचं म्हायेर कुटलं?"

"अक्कलकोटकडलं."

"मग झालंच की! आमची आत्या तितं दिलीय."

दोघंही खुशीत नाती जुळवायला लागली. मला हसू आलं, सुटलो असं वाटलं. मी काकांकडे बघून मान हलवली. त्यांनी हलवली नाही. कारण बसव्वा आता तिसऱ्या फोटोसमोर गेली होती. मग चौथ्या. मडिवाळप्पा आत्याच्या दिराचं नाव सांगत होते, ते तिला ऐकू येत नव्हतं. रांगेच्या टोकापर्यंत गेली आणि परत आईपाशी आली.

काकांना घाम अनावर झाला असावा. त्यांनी चष्मा काढला आणि रुमालानं तोंड पुसलं. त्याच वेळी बसव्वा वळली.

मीही तेव्हाच पाहिलं. इतके महिने मी त्यांच्या समोर बसत होते, त्या गडद काचांमागे काय आहे ते कधी दिसलं नव्हतं. डावा डोळा जरा बारीक. नजर किंचित खाली.

बसव्वा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "अण्णा, तुमी स्टुडिओत हुता न्हवं, हे डोळे तुमी काडलेत व्हय?"

काका म्हणाले, "व्हय."

"आनि माज्या अव्वाचे? ते कसे हुते?"

मला वाटलं, आता तरी यांनी खोटं बोलावं. काहीही सांगावं. काकांनी दोन्ही हातांनी चष्मा धरला होता.

"मिटलेले हुते, बसव्वा. मी बगितले तवा मिटलेले हुते."

बसव्वाचा तो गल्ली उठवणारा आवाज पार बसला होता.

"म्हंजे इतकी वरसं मला कोन बगत हुतं?"

"माजी अव्वा," काका म्हणाले. "तिचा फोटो न्हाय कुटं. मी सान हुतो, जेवाय बसलो की समोर बसून बगायची, तेवडंच ध्यानात ऱ्हायलं. मला दुसरे डोळे येतच न्हवते."

बसव्वा शेजारच्या खुर्चीत बसली. रडली. "लई वाईट वाटतंय मला, खोटं न्हाय सांगत," असं काकांना तोंडावर म्हणाली. त्यांनी मान खाली घातली. कुणी पाणी आणलं ते तिनं घेतलं नाही. बऱ्याच वेळानं उठली आणि फळीकडे गेली. मला वाटलं, फ्रेम काढून घेऊन जाणार. तिनं पदरानं काच पुसली, डोळ्यांवरची जरा जास्त वेळ पुसली.

"नाव काय तुमच्या अव्वाचं?" मागं न बघता तिनं विचारलं.

"शिवबाई."

"बाई, हितं लिवा की," ती मला म्हणाली आणि फोटोखालच्या कार्डावर बोट ठेवलं. कार्डावर गौरव्वा, म्हणजे तिच्या आईचं नाव, आणि साल एवढंच होतं. मी पेन काढलं. खाली लिहिलं, डोळे: शिवबाई. मडिवाळप्पा पुढे आले आणि म्हणाले, "आमच्या बी कार्डावर घाला." मग बाकीच्या कार्डांवरही घातलं.

सगळे गेल्यावर काका फळीपाशी आले. भिंग काढून एकेक कार्ड वाचलं. हे नाव लिहिलेलं त्यांनी याआधी कुठंच पाहिलं नव्हतं, असं म्हणाले. मग चेहरा पुन्हा नेहमीसारखा झाला.

"श्रीदेवी, शाई पुसंल न्हाय न्हवं?"

"नाही काका. पक्की आहे."

"तरी पन येकदा गिरव."

मी चिडले नाही. पहिल्या कार्डापासून सुरुवात केली.