माहुलची पहिली फेरी

ऐंशीच्या दशकात मी बस उपक्रमाच्या अर्थसंकल्प विभागात लागले, तेव्हा बावीस वर्षांची होते. पुढच्या वर्षाचा अंदाज बांधायचा म्हणजे बेरजा-वजाबाक्या, एवढीच माझी समजूत. पण समोर आलेल्या कागदांत टायर, डिझेल तर होतंच, कंडक्टरांच्या खाकी कपड्यांची शिलाईसुद्धा होती. रोज सकाळी सगळी उपनगरं हलतात ती या कागदांवर, हे बघून मी दबूनच गेले.

त्या वर्षी तूट मोठी होती. तोट्यातल्या फेऱ्यांची यादी माझ्याकडे आली. माहुलहून चेंबूरला येणारी पहाटेची बस मी सगळ्यात वर घातली. डिझेलपुरतंही उत्पन्न नव्हतं तिचं.

आमचे हेडक्लार्क मालवणकडचे, पूर्वीचे कंडक्टर. यादी वाचून ते रागावले नाहीत. उद्या पहाटे डेपोवर ये, एवढंच म्हणाले. वडील मला सोडायला आले. डेपोतून रिकाम्या निघालेल्या त्याच बसने हेडक्लार्क आणि मी माहुलला गेलो.

तिथे बस भरली. रात्रपाळी संपलेले रिफायनरीचे कामगार, टोपल्या घेतलेल्या कोळणी. प्रत्येकाचं तिकीट सगळ्यात कमी पैशांचं. चेंबूर नाक्यावर सगळे उतरले आणि बहुतेक जण घाटकोपरच्या बसच्या रांगेत उभे राहिले. माझ्या हिशेबात सर्वांत फायद्याची बस ती.

"हिची कमाई तिच्या नावावर पडते गो," हेडक्लार्क म्हणाले.

आम्हीही त्या बसमध्ये चढलो. प्रत्येक थांब्याच्या आधी ते हळूच सांगत, इथे चौघी उतरतील, पुढे कामगार सात-आठ. तसंच होत गेलं. कंडक्टरकी सोडून कितीतरी वर्षं झाली होती त्यांना. मी थक्क होऊन खिडकीबाहेर बघायचं विसरले.

ऑफिसात त्यांनी या सगळ्याचं टिपण माझ्याकडूनच लिहून घेतलं. बैठकीत मोठ्या साहेबांनी विचारलं, हे कुणी शोधलं? हेडक्लार्कांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी मान हलवून गप्प केलं.

माहुलची फेरी राहिली. उरलेली यादी मात्र साहेबांनी मला परत दिली, प्रत्येक बसमध्ये बसून ये म्हणाले. आठवडाभर मी मरोळ, वाकोला, बोरिवली पालथं घातलं. दोन बस खरोखरच रिकाम्या धावत होत्या. त्या काढायची शिफारस मी केली, पण त्यांच्या थांब्यांवर उतरून, तिथल्या माणसांना विचारून मगच.