स्वयंपाकघर नसलेली खोली

किहीमला आमच्या नारळीच्या वाडीत पाहुण्यांसाठी कॉटेजेस आहेत. इतकी वर्षं लोकांच्या सुट्ट्या सांभाळल्या, पण बायकोला मी कधी कुठे नेलं नाही, ही बोच मनात होती. यंदा अंदमानला जायचं ठरवलं. एका रिसॉर्टची टाइमशेअर योजना होती, म्हणजे एकदा पैसे भरले की दरवर्षी एक आठवडा आपल्या हक्काचा. मोबाइलवर खोल्यांचे फोटो दाखवत मी उत्साहाने म्हणालो, "ही घेऊ. शेगडी, फ्रिज, मिक्सर, सगळं आहे. बाजारातून ताजे मासे आणता येतील."

ती पाहुण्यांसाठी कोळंबी सोलत होती.

"आणि साफ कोण करणार, तुम्ही? मग किहीम काय वाईट आहे? निदान इथली सुरी तरी माझी आहे."

मला शरम वाटली. तिला समुद्रापलीकडे नेऊन मी पुन्हा शेगडीसमोरच उभी करत होतो. लगेच रिसॉर्टला फोन लावला आणि स्वयंपाकघर नसलेली खोली मागितली.

तिने हात धुतले, फोन माझ्याकडून घेतला आणि आमचे पाहुणे तिला विचारतात अगदी त्याच सुरात विचारलं, "नाश्ता किती वाजेपर्यंत मिळतो? आम्ही जरा उशिरा उठू."