वीतभर जाडीचा ठोकळा

नळाची आणि गरम पाण्याची कामं करणाऱ्या त्या माणसाला सगळे मास्तर म्हणायचे. शाळेचं तोंड त्याने फारसं पाहिलं नव्हतं. पण गळका नळ दाखवायला बोलवावं, तर हा पठ्ठ्या आधी नळ का गळतो यावर तासभर व्याख्यान झोडणार. घरमालक जांभया देऊन बेजार! काम मात्र चोख.

त्याचा जोडीदार गोड्या. जिभेवर साखर, म्हणून गोड्या. दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकले, आणि दुपारचं जेवण दोघांचंही मास्तरच्या आईकडे. गोड्याला आई लहानपणीच गेलेली. "हा माझा दुसरा," असं म्हणून मास्तरची आई त्याच्या पानात जरा जास्तच वाढायची.

आता म्हातारी गुडघ्यांनी हैराण होऊन लेकीकडे राहत होती. लेकीच्या घरचा जुना बॉयलर काढून, बाहेरच्या हवेतली ऊब ओढून पाणी तापवणारा हीट पंप बसवायचा हट्ट मास्तरचा. फरशीखाली नळ्या फिरवल्या की आईचे पाय शेकतील, हे त्याच्या डोक्यात बसलेलं. बहीण कुरकुरली, "दादा, चाललंय ते कशाला मोडायचं?" तो म्हणाला, "माझ्यावर सोड."

दुकानात गाडी अडली ती प्लेट हीट एक्सचेंजरवर. म्हणजे पातळ पत्रे एकावर एक जोडलेला धातूचा ठोकळा. एका फटीतून पंपाचं पाणी जातं, शेजारच्या फटीतून घरातलं. पंपाच्या पाण्यात ते गोठू नये म्हणून औषध असतं, त्यामुळे दोन्ही पाणी मिसळता कामा नये. नुसती ऊब पलीकडे जायची. दुकानदाराने चार बोटं जाडीचा ठोकळा पुढे केला. "बॉयलरला हाच देतो आम्ही."

झालं, मास्तर सुरू! "अहो, बॉयलरचं पाणी चटका देणारं, त्याला थोडे पत्रे पुरतात. हीट पंपाचं पाणी कोमट. कोमट पाण्याकडून तेवढीच ऊब काढायची तर पत्रे दुप्पट-तिप्पट हवेत!" शेवटी दुकानदाराने हात टेकले आणि वीतभर जाडीचा ठोकळा काढून दिला. गोड्या शेजारी उभा राहून हसत होता. त्याचंही नवं घर बांधून होत आलेलं, आणि तिथेही हीट पंपच बसणार होता. त्याने स्वतःसाठी तो चार बोटांचाच उचलला. "तू उगाच वाढवून सांगतोस रे मास्तर."

थंडी पडली. आई बहिणीच्या घरात अनवाणी फिरायला लागली, आणि मास्तरची कॉलर ताठ झाली. पुढे गोड्याने नव्या घरी बोलावलं. मास्तर मुद्दाम बूट-मोजे काढून फरशीवर उभा राहिला. पाय मस्त शेकले. तो चक्रावलाच. "लेका, चार बोटांत जमवलंस की! मीच चुकलो म्हणायचं." त्याने गोड्याची पाठ थोपटली. गोड्या पाणी आणायला म्हणून आत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही.

त्याच आठवड्यात बहिणीचा फोन आला. फरशी गार पडली होती. मास्तरने पंप तपासला, गाळणी धुतली, नळ्यांतली हवा काढली. काही केल्या फरक पडेना. एक ठोकळा तेवढा त्याने उघडला नाही, कारण तो त्याने स्वतः निवडलेला होता. आई दोन शाली गुंडाळून खाटेवर बसलेली. बहिणीचा संयम सुटला. "सगळ्या गावाची कामं मन लावून करतोस, आणि आईच्या खोलीत हातचं राखलंस? मी बॉयलर परत बसवून घेते. तू नको येऊस." मास्तरला ते फार लागलं.

निघता निघता, शेवटचा उपाय म्हणून, त्याने ठोकळ्यावरचं फोमचं जॅकेट उघडायला घेतलं. चिकटपट्टीचं टोक आत दुमडलेलं होतं. ही उस्तादाची शिकवण: पुढच्या माणसाला पट्टी सहज सोलता आली पाहिजे. आपलंच काम म्हणून त्याला बरं वाटलं. जॅकेट निघालं आणि आतून स्पंजचे तुकडे बाहेर पडले. त्यांच्यामागे चार बोटं जाडीचा ठोकळा होता.

टोक असं दुमडणारी माणसं जगात दोनच उरली होती.

"आई, इथे कोणी आलं होतं?"

"अरे, तो नाही का आला, तुझा गोड्या! ही कामावर गेली होती. तू पाठवलंस म्हणाला. नुसता घामाघूम झाला होता बिचारा. मी चहा करून दिला."

मास्तर तसाच गोड्याच्या दारात गेला. गोड्याची बायको म्हणाली, "या ना भावजी, बूट काढा, फरशी बघा कशी ऊबदार आहे." त्याने बूट काढले नाहीत.

"घर गारठलं होतं रे," बायको आत गेल्यावर गोड्या खाली बघत म्हणाला. "हिच्यासमोर काय तोंड दाखवणार होतो?"

"मला सांगायचंस. मी स्वतः बसवून दिला असता दुसरा."

"तुला सांगायचं म्हणजे जन्मभर ऐकून घ्यायचं, मी म्हटलं होतं, मी म्हटलं होतं! वाटलं, तू काहीतरी करून घेशील तिकडे. तुला येतं सगळं."

"ती म्हातारी कुडकुडत होती, गोड्या. तुला चहा करायला उठली ती, तसल्या गुडघ्यांनी."

मास्तरने आपला ठोकळा सोडवला आणि उचलून नेला.

बहिणीला त्याने अंगणात सगळं सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, "दादा, आईला नको सांगूस. तिला नाही सोसणार." ठोकळा जागेवर बसला. पट्टी लावताना मास्तरचा हात सवयीने टोक दुमडायला गेला. मग त्याने ते सपाट दाबून टाकलं.

फरशी हळूहळू तापली. आईने शाल बाजूला केली, पाय खाली टेकवले, आणि तिचा चेहरा खुलला.

"बघ, झाली की नाही! मी हिला सांगत होते, माझा दुसरा हात लावून गेलाय, आज ना उद्या गरम होणारच. त्याला जेवायला बोलाव रे."

नळावर तासभर बोलणारा मास्तर हत्यारं पिशवीत भरत राहिला. "बोलावतो," एवढंच म्हणाला.