मोर्चातली छटाई

"ताई, तुम्ही जरा मागं व्हा. फोटो काढायचाय."

हिवाळी अधिवेशन सुरू होतं. आम्हा विडी वळणाऱ्या बायकांचा मजुरीवाढीचा मोर्चा पोलिसांनी सदर भागात अडवून धरला होता. बोलले ते आमचे वकीलसाहेब. युनियनचे अध्यक्ष, राहणार रामदासपेठेतल्या बंगल्यात. आदल्या दिवशी त्यांनीच सांगितलं होतं, फाटकी लुगडी नेसून या. मी आईचं ठिगळाचं लुगडं नेसून पहिल्या रांगेत उभी. हातात फलक. त्यावर माझ्याच अक्षरात: आम्ही उपाशी आहोत.

मला वाटलं, सगळ्यांनाच मागं व्हायचंय. विचारलं, "रांग मागं घेऊ का?"

"रांग नको. तुम्ही. पेपरवाले म्हणतील, उपाशी ती हीच का."

फोटोवाला हसला. आमच्यातल्या पोरीही हसल्या. साहेबांनी फलक माझ्या हातातून काढून शेजारच्या काटकुळ्या पोरीला दिला.

मी गेले मागं. भांडले नाही. कारण मला ते पटलं.

सकाळी निघताना पोळ्या खाल्ल्या होत्या, त्या आठवल्या. कुणाच्या तरी तोंडातून ओढून खाल्ल्यासारख्या वाटल्या. भावाचे हात काड्यांसारखे. आईची हाडं दिसतात. आणि मी एवढी जाडजूड. घरातलं सगळं मीच खाल्लं की काय? चारचौघांत मी एकदा वाढलेलं संपलं की हात धुते. मग चुलीमागं भिंतीकडे तोंड करून गार भात खाते. चोरासारखी. माझ्याच घरात.

मोर्चाच्या शेपटाला नालीच्या कठड्यावर काही बायका बसल्या होत्या. सगळ्या अंगानं जड. त्यात काशीमावशी. मला विडी वळायला हिनंच शिकवलं. मला पाहून ती सरकली, जागा केली.

"तुलेही छाटलं काय वं?"

संध्याकाळी ठेकेदाराचा माणूस आमच्या विड्या बघतो. ही जाड, काढ. ही ढिली, काढ. त्याला छटाई म्हणतात. काढलेल्या विडीची मजुरी नाही. ती परतही देत नाही, विकून खातो. तीच छटाई आज आमच्या माणसांनी आमची केली होती.

"मावशी, आपुन जास्त खातो काय?"

ती गुडघे चोळत म्हणाली,

"सकाळी चाय. दुपारी चाय, साखर जास्त टाकून, म्हंजे भूक मरते. रातच्याले रेशनचा भात, बस. आन उठतो कवा आपुन? मांडीवर सूप घेऊन बसलो का दिवस सरते. जरासं उठलं तं विड्या कमी भरते. माहे गुडघे गेले बसून बसून. हा मोटापा काय बासुंदीचा आहे?" मग हळू आवाजात, "पन पोरासमोर जेवाले मलेही लाज वाटते वं."

तिलाही.

साहेबांच्या बायकोलाही पोट आहे. तिला लोक खात्यापित्या घरची म्हणतात. काशीमावशीचं पोट मात्र चोरीचा माल.

माझ्या काखेत पत्रकांचा गठ्ठा होता. मावशीनं त्यातलं एक ओढलं. तिला वाचता येत नाही. तिनं चित्र पाहिलं. गादीवर लोळणारा, ढेरी सुटलेला विडी कारखान्याचा शेठ. खाली ओळ माझी: ज्याची ढेरी मोठी, तोच चोर. मावशीनं पदर पोटावर ओढून घेतला.

पोट बघून माणूस ठरवायचा, साहेब आज बोलले तेच मी आधीच छापून वाटलं होतं.

मी उठले. त्यांनाही उठवलं. आम्ही सगळ्या पुढं जाऊन पहिल्या रांगेत उभ्या राहिलो.

"ताई, शिस्त पाळा," साहेब म्हणाले. "चळवळीचं नुकसान होतंय."

"साहेब, या बायका विड्या वळतात. तुम्ही नाही वळत. तुम्ही मागं व्हा."

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. दुसऱ्या दिवशी पेपरात आमच्याबद्दल अक्षर नव्हतं. मजुरीची बोलणी लांबली. बायका मला तोंडावर म्हणाल्या, "तुह्यामुळं गेलं सारं." त्यांच्या चुली थंड राहिल्या, त्यात माझाही हात आहे. ते मी नाकारत नाही. ते ओझं घेऊनच लिहिते आहे.

पण मागं जाणार नाही. शेठला चोर म्हणेन ते त्यानं मारलेल्या मजुरीसाठी, पोटासाठी नाही. चारचौघांत जेवीन, दुसऱ्यांदा मागून घेईन. आणि आमच्या अंगाकडे बघून आमची भूक ठरवणारा माणूस शेठचा असो की युनियनचा, त्याच्या हाती आमचा मोर्चा देणार नाही.